डावी वाटी

माझ्या टेबलावर, माझ्या देखत तो माणूस टोफूचं वजन करत होता.

थट्टा नाही. साबणाच्या डबीएवढा इलेक्ट्रॉनिक काटा, त्यावर बशी, आणि बशीत टोफूचा एक चौकोनी तुकडा. वाकून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि मग तोच तुकडा गुपचूप तोंडात टाकायचा, असं त्याचं चाललं होतं. गुरुवारची दुपार होती, बाहेर सकाळपासून रिपरिप लागलेली आणि आत एकही टेबल मोकळं नव्हतं. म्हणून मालकीणबाईंनी मला आणून या माणसासमोर बसवलं होतं.

“तुम्ही जेवताय की माल तपासताय?” मी विचारलं.

“दोन्ही.” त्यानं मान वर केली नाही. “अठरा ग्रॅम. आधीचा सतरा होता.”

“अरेरे. मग एका ग्रॅमनं उपाशी राहिलात का?”

तेव्हा कुठे त्यानं वर पाहिलं. चेहरा तसा बरा होता, पण चष्मा... चष्म्याची उजवी दांडी अशी वाकली होती की एक काच भुवईवर आणि दुसरी गालावर. मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते, नऊ वर्षं झाली. जेवणात केस निघाला तर मी तो बाजूला काढून जेवते, पण समोर वाकडी दांडी असली की मला घास उतरत नाही.

“द्या इकडे,” मी म्हटलं.

“काय?”

“चष्मा. दोन मिनिटं लागतील.”

त्यानं चक्क काढून दिला. अनोळखी बाईनं मागितला म्हणून चष्मा काढून देणारा माणूस एक तर भोळा असतो, नाही तर फार दमलेला. चहाच्या गरम किटलीवर मी दांडी शेकली आणि बोटांनी सरळ करायला घेतली. तो डोळे बारीक करून माझ्या दिशेनं बघत होता.

“आता तुम्ही दिसत नाही,” तो म्हणाला.

“जेवायला माझं दिसणं लागत नाही.”

“लागत नाही...” तो जरा थांबला. “पण आत्ता दिसत होतं ते बरं होतं.”

मी चष्मा परत केला तेव्हा माझे कान गरम झाले होते. किटलीमुळे, असं मी स्वतःला सांगितलं.

ते हॉटेल माझं होतं. म्हणजे मालकी अर्थातच मालकीणबाईंची. त्या आणि त्यांचे थोरले भाऊ तीस वर्षांपूर्वी चीनच्या सिचुआन प्रांतातून आले, इथलेच झाले आणि आता भांडायला लागले की आमच्यापेक्षा सफाईनं आमचीच भाषा बोलतात. पण सहा वर्षं, दर गुरुवारी, म्हणजे माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी तिथं एकटी जेवायला जात होते. चौदा टेबलं, वाफेनं आंधळी झालेली खिडकी, आणि स्वयंपाकघराच्या झरोक्यातून दिसणारे मालकीणबाईंचे भाऊ. त्यांना सगळे मामा म्हणायचे. मी खायची एकच गोष्ट, मापो टोफू. लाल तेलात डुलणारा मऊ टोफू, थोडा खिमा, आंबवलेली तिखट पेस्ट आणि वरून त्यांच्याकडची मिरी. ही आपली काळी मिरी नव्हे. लालसर असते, टरफल उघडलेली. आधी लिंबाच्या सालीसारखा वास येतो, मग ओठांवर मुंग्या चालायला लागतात आणि मग तिखट लागतं, पण ते कुठूनतरी लांबून आल्यासारखं.

मामा ती मिरी कधीच कुटून ठेवत नसत. प्रत्येक थाळीला मूठभर कोरड्या कढईत भाजायची, रुंद सुऱ्याच्या पात्याखाली दाबून चुरायची आणि थाळी झरोक्यातून बाहेर जाताजाता वरून टाकायची. दिवसाला शंभर थाळ्या असतील, तर शंभर वेळा. त्यानं त्यांचं मनगट कामातून गेलं होतं. ते मनगटाला पट्टा बांधायचे आणि पुन्हा चुरायचे.

“तेच तर काम आहे माझं,” चष्मा नीट बसवत तो म्हणाला. “मालकीणबाईंना आणखी तीन ठिकाणी हे हॉटेल काढायचंय. मामांचे हात दोनच, त्यातला एक दुखरा. उद्या मामा थांबले तर हे सगळं थांबलं. म्हणून मी त्यांचा हात कागदावर उतरवतो. किती ग्रॅम, किती आच, किती सेकंद. माझं कार्ड वाचून कुणीही हाच टोफू करू शकला पाहिजे.”

“आणि तो असाच झालाय हे तुम्हाला कळतं?”

“नाही,” तो अगदी सरळपणे म्हणाला. “आकडे कळतात. जीभ माझी मध्यम आहे. चव सांगायला मला माणूस लागतो.”

मालकीणबाई पाणी द्यायला आल्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “हिला विचारा. सहा वर्षं येतेय. मीठ जास्त झालं तर झरोक्यातून ओरडून सांगते माझ्या भावाला. हिच्या जिभेला हाड नाही, पण खोटंही नाही.”

माझी अशी ख्याती होती. घरी तर होतीच. आई, मी आणि लग्न होऊनही शेजारच्याच जिन्यात राहणारी ताई, अशा आमच्या तिघींच्या राज्यात फटकळ म्हणून मी प्रसिद्ध. मला बघायला आलेल्या दोघा जणांना मी त्यांच्या तोंडावर त्यांच्या चष्म्याचा नंबर चुकलाय असं सांगितलं होतं. दोघांचाही खरंच चुकला होता. ताई म्हणायची, “तू आयुष्यात कुणाला गोड वाटावं म्हणून हो म्हटलंयस का गं? मेलीस तरी म्हणायची नाहीस.”

तर असं ते ठरलं. दर गुरुवारी, दुपारी तीन ते पाच, हॉटेल बंद असताना चाचणी. मी टेबलाच्या एका बाजूला, तो दुसऱ्या बाजूला, मध्ये दोन वाट्या. डावीत मामांनी केलेला टोफू, उजवीत कार्डाप्रमाणे त्यानं केलेला. कधी तो वाट्यांची अदलाबदल करायचा आणि मला सांगायचा नाही. मग माझ्या चेहऱ्याकडे बघत बसायचा.

“उजवी मामांची,” मी म्हणायचे.

“कशावरून?”

“डावीतला लसूण रागावलाय.”

“रागावलाय म्हणजे काय लिहू मी? किती सेकंद रागावला?”

“ते तुम्ही शोधा, ग्रॅमसाहेब. माझं काम चहाड्या सांगणं.”

तो हसायचा. हसला की चष्मा खाली घसरायचा आणि तो वर करायला हात मोकळा नसायचा, कारण एका हातात पेन आणि दुसऱ्यात काटा. तिसऱ्या गुरुवारी मी टेबलावरून वाकून तो वर केला. पाचव्या गुरुवारी त्यानं तो मुद्दाम घसरू दिला, हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्याला कळलं. सातव्याला माझ्या ओठाखाली मिरीचं टरफल चिकटलं होतं. “थांब, हलू नकोस,” असं म्हणून त्यानं ते अंगठ्यानं काढलं. तो ‘अहो’वरून ‘अगं’वर कधी आला, ते असं आठवतंय मला. ओठ मिरीनं बधिर झाले होते आणि तरीही तो अंगठा मला लागला.

पेस्ट जमली, लसूण जमला, तेल जमलं. दहा गुरुवार गेले. मी दर वेळी खरं सांगितलं आणि त्यानं दर वेळी पान फाडून नवं कार्ड लिहिलं. एकदा तर मी सलग चार वाट्या नापास केल्या, तेव्हा तो भांडी घासायच्या मोरीपाशी जाऊन पाच मिनिटं पाठ करून उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, “पुन्हा करू.” मला वाटतं, मी त्याच्या प्रेमात पडले ती तिथे.

अडलं ते मिरीपाशी.

मिरी दर थाळीला ताजी भाजून चुरायची म्हटली, तर प्रत्येक शाखेत एक मामा लागणार. ते शक्य नव्हतं. तिची पूड एका ठिकाणी करून, डब्यांत भरून चारी ठिकाणी पाठवता आली, तरच तीन शाखा निघणार होत्या. दहाव्या आणि अकराव्या गुरुवारच्या मधे एका संध्याकाळी तो मला दुकानाबाहेर भेटला. छत्री एकच होती, माझी. तिच्यात आम्ही दोघं अर्धे अर्धे भिजत चाललो.

“मला दुसरीकडून काम आलंय,” तो म्हणाला. “मोठं हॉटेल आहे, तिथलं सगळं स्वयंपाकघर लावून द्यायचंय. दोन वर्षांचं काम. गाडीनं सहा तास लागतात इथून.”

“आणि इथलं?”

“मिरी जमली, तर मालकीणबाई मला इथेच ठेवतील, चारी शाखांवर. नाही जमली, तर इथलं काम संपलंच की. शुक्रवारी कळवायचंय मला.”

छत्रीच्या काडीवरून पाणी त्याच्या खांद्यावर पडत होतं. मी छत्री जरा त्याच्याकडे सरकवली. फटकळ म्हणून प्रसिद्ध असलेली मी, मूग गिळून चालत राहिले.

अकरावी चाचणी झाली ती पुढच्याच दुपारी.

दोन वाट्या समोर आल्या. या वेळी त्यानं लपवलं नाही, कारण लपवायची गरजच नव्हती. डावीत मामांनी त्याच क्षणी चुरलेली मिरी होती आणि उजवीत चार दिवस डब्यात राहिलेली पूड. बाकी सगळं एकसारखं. चमचा तोंडाशी नेण्याआधीच मला कळलं. डाव्या वाटीतून तो लिंबाच्या सालीचा वास येऊन सरळ नाकात शिरला. उजव्या वाटीतून तिखटाचा वास येत होता, बस्स. तरी मी खाल्लं. उजवा टोफू वाईट नव्हता. त्यानं ओठ जरासे बधिर झाले, आणि पुढे काही झालंच नाही.

“सांग,” तो म्हणाला.

मी दिवसभर लोकांना हेच विचारते. ही काच लावून बरं दिसतं की ती, पहिली की दुसरी? आणि दर दहातला एक जण कंटाळून म्हणतो, दोन्ही सारख्याच. मला तो लगेच ओळखू येतो. मी त्याला दटावते, की मला बरं वाटावं म्हणून सांगू नका, डोळे तुमचे आहेत, चुकीचा चष्मा तुम्हालाच घालून फिरायचाय.

“सारखंच,” मी म्हटलं.

त्याचं पेन हवेत थांबलं. “नीट खाऊन सांग.”

मी पुन्हा खाल्लं. “सारखंच आहे.”

“खरंच? मामांच्या आणि यात काहीच फरक नाही? हे बघ, मला वाईट वाटेल म्हणून—”

“तुला वाईट वाटतं म्हणून मी कधी थांबलेय का? सारखंच आहे म्हणतेय ना.”

त्यानं मला तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात मामा उभे होते, ओल्या फडक्यानं मनगट शेकत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फडकं पिळलं, खांद्यावर टाकलं आणि आत गेले.

त्या दुपारी हॉटेलाच्या मागच्या जिन्यात त्यानं माझा हात पहिल्यांदा हातात घेतला. “मग मी राहतो,” तो म्हणाला. एवढंच. त्याच्या हाताला लसणाचा वास येत होता, आणि मी इतकी सुखात होते की मला स्वतःची लाज वाटायला पुरते दोन दिवस लागले.

पुढचे नऊ महिने आम्ही काय काय केलं ते सांगायला बसले तर तुम्हाला माझा हेवा वाटेल. आईनं त्याला पहिल्याच भेटीत तिसऱ्यांदा वाढलं. ताईनं त्याच्या काट्यावर आपल्या अंगठीचं वजन करून घेतलं आणि सोनाराला फोन करून झापलं. तो माझ्या दुकानात उगाचच नंबर तपासायला यायचा, अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसायचा आणि खालची ओळ वाचायच्या ऐवजी भलतंच काहीतरी वाचायचा. “इथं लिहिलंय, तू आज छान दिसतेस.” मी म्हणायचे, “साफ चूक. नंबर वाढलाय तुझा.”

फक्त एक गोष्ट आम्ही केली नाही. त्या हॉटेलात जेवायला गेलो नाही. तो शाखा उभ्या करण्यात गुंतला होता आणि जेवायला वेळ मिळाला की मी म्हणायचे, आज दुसरीकडे जाऊ, आज घरीच काहीतरी करते, आज माझं पोट बरं नाही. एकदा एकटीच रस्त्यापलीकडून जाताना मी खिडकीतून आत पाहिलं. झरोक्यात कुणी नवा माणूस होता. मामा गल्ल्यावर बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मी छत्री पुढे धरली आणि झपाझप निघून गेले.

भेटीला वर्ष झालं त्या गुरुवारी मात्र त्यानं ऐकलं नाही. “तेच टेबल सांगून ठेवलंय,” तो म्हणाला. सांगून ठेवायची गरज नव्हती. जेवणाच्या ऐन वेळेला चौदातली नऊ टेबलं रिकामी होती.

थाळी चार मिनिटांत आली. पूर्वी वीस लागायची. दिसायला तंतोतंत तीच होती, तोच लाल रंग, तसेच चौकोन, वर कांद्याची पात. मी एक चमचा घेतला. खारट होतं, तिखट होतं, गरमही होतं. आजारी माणसाला भेटायला जावं आणि त्यानं आपल्याला ओळखू नये, तसं झालं मला. सहा वर्षं मी इथं आनंदानं जेवले होते आणि ते जेवण मीच संपवलं होतं. मी टोफू चमच्यानं नुसता इकडून तिकडे ढकलत राहिले.

तो मात्र भराभर बोलत होता. “एक घर बघितलंय. दोनच खोल्या आहेत, पण स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे. जिना जरा उंच... तुझ्या आईला त्रास होईल, पण तळमजल्यावरची खोली पण मिळेल म्हणतो घरमालक. तू बघून ये. तू हो म्हणालीस की मी तुझ्या आईशी बोलतो.” मग त्यानं चमचा खाली ठेवला. “मी लोकांसारखं काही सुंदर बोलू शकत नाही. पण माझ्या धंद्यात सगळे तोंडदेखलं बोलतात. छान झालंय, मस्त झालंय. तू एकटी आहेस की जिचं हो म्हणजे हो असतं. म्हणून मला... तू हवी आहेस.”

मी पाणी प्याले.

“आणि हे,” त्यानं थाळीकडे बोट दाखवलं, “हे काहीतरी बिघडलंय ना? मालकीणबाई म्हणतात जुनी माणसं येईनाशी झालीत. मी कार्ड तीनदा तपासलं. पेस्ट, तेल, आच, सगळं बरोबर. म्हणजे हा नवा आचारी हात आखडता घेतोय. मिरीची पूड निम्मी टाकत असणार. उद्या मी मालकीणबाईंना त्याचं नाव कळवणार आहे. घरी दोन मुलं आहेत त्याच्या, वाईट वाटतं, पण काय करणार? तू फक्त चव घेऊन सांग. मिरी कमी आहे ना?”

झरोक्यातून तो आचारी दिसत होता. चाळिशीचा असेल. छोट्या काट्यावर काहीतरी ठेवून, ओठ घट्ट मिटून, आकडा बघत होता.

“मिरी बरोबर आहे,” मी म्हटलं. “तो कार्डाप्रमाणेच करतोय. कार्ड चुकलंय.”

“कार्ड कसं चुकेल? तूच तर—”

“हो. मीच.”

त्यानं खिशातून वही काढली. मग अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, “कुठली चाचणी?”

“अकरावी.”

“त्या दिवशी...” तो आठवत होता. “आदल्या दिवशी आपण पावसात भिजलो होतो. तुला सर्दी झाली असेल. नाक बंद असलं की वास कळत नाही. हो ना? सर्दी झाली होती ना तुला?”

त्यानं स्वतःच्या हातानं मला दार उघडून दिलं होतं. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर आम्ही दोघांनी कपाळाला हात लावला असता, हसलो असतो, आणि पुढच्या रविवारी ते दोन खोल्यांचं घर बघायला गेलो असतो.

“नाही,” मी म्हटलं. “सर्दी नव्हती. तेव्हाच कळलं होतं मला. खायच्याही आधी.”

“मी तुला दोनदा विचारलं होतं.”

“तीनदा.”

“मग का?”

“तू गेला असतास.”

“गेलो असतो,” तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. “बुधवारी संध्याकाळी तिकडून गाडी निघते. ती इथं मध्यरात्रीपर्यंत पोचते. दर गुरुवारी तुझ्याबरोबर इथं जेवलो असतो आणि परतीची गाडी पकडली असती. वेळापत्रक काढून ठेवलं होतं मी. दोन वर्षं म्हणजे फक्त शंभर गुरुवार.”

“मला सांगितलं नाहीस ते.”

“चाचणी झाल्यावर सांगणार होतो. तू सारखंच म्हणालीस, मग सांगायचं राहिलंच नाही.”

त्यानं वही खिशात घातली आणि उठून मालकीणबाईंकडे गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे मान वळवून पाहिलं, तेवढं दिसलं. त्या नजरेत राग असता तरी चाललं असतं. त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या, ही बाई नक्की कोण, अशा.

मी गल्ल्यापाशी गेले. मामांच्या मनगटावर पट्टा नव्हता. हात बरा झालेला दिसत होता.

“मामा, त्या दिवशी मी खोटं बोलले.”

“माहीत आहे,” मामा म्हणाले. “मी दारातच होतो.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलू? माझ्या हातचं चांगलं आहे, हे मीच सांगायचं?” त्यांनी समोरचे बिलांचे कागद उगाच सारखे केले. “ते खाणाऱ्यानं सांगायचं असतं. मला वाटलं, आता नाही बोलली, पुढच्या गुरुवारी सांगेल. मग तू यायचीच थांबलीस.”

मी माफी मागितली. ते “बरं” म्हणाले. मग त्यांनी मला विचारलं की जेवण आवडलं का, जसं ते गल्ल्यावर बसून आता प्रत्येकाला विचारतात. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि झरोक्याकडे बघत बसले.

तो बाहेर बसथांब्यावर उभा होता. पाऊस नव्हता, नुसतं ढगाळ होतं. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले, मधे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

“काय म्हणाल्या मालकीणबाई?”

“शाखांमधून टोफू काढून टाकणार. मामा परत कढईपाशी उभे राहतील का, ते त्यांनाच विचारणार. माझं काम संपलं, हे मीच सांगितलं त्यांना. चुकीचं कार्ड माझ्या सहीनं गेलंय.”

“आचाऱ्याचं?”

“राहील तो. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.”

एक बस आली, आमची नव्हती, निघून गेली.

“बाकी सगळं खरं होतं,” मी म्हटलं. “दहा चाचण्या खऱ्या होत्या. नंतरचे नऊ महिने खरे होते. माझं तुझ्यावर... प्रेम आहे माझं. हे मी कधी नीट म्हटलंच नाही तुला.”

“मला वाटतं की आहे,” तो म्हणाला. “पण आता तू काहीही म्हणालीस ना, की मी ते पुन्हा विचारणार. घर आवडलं का, खरंच आवडलं का? भाजी बरी झालीय का, की मला बरं वाटावं म्हणून? रोज. प्रत्येक गोष्टीला तीनदा. मी तसा माणूस नव्हतो गं, पण आता होईन. आणि असा नवरा तुला कशाला हवा?”

“मला चालेल,” मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. हसल्यासारखं केलं, पण ते हसणं जमलं नाही.

“बघ,” तो म्हणाला. “पुन्हा तसंच बोललीस.”

बस आली आणि तो चढून खिडकीशी बसला. मला खरंच चाललं असतं. रोज विचारलं असतं, तीनदा विचारलं असतं, तरी चाललं असतं. बस निघेपर्यंत मी त्याच्या खिडकीखाली उभी राहून हे दोनदा मोठ्यानं म्हटलं. त्याला ऐकू गेलं असावं. त्यानं काच सरकवली नाही.